आधी लंब बघा

आमच्या स्टाफरूममध्ये एक आसन असं होतं की त्यावर दुसरं कुणी बसत नसे. मानाचं होतं म्हणून नव्हे, ते इतकं बुटकं होतं की बसलं की उठवत नसे. जांभळाच्या लाकडाची तीन पायांची तिवई. नेहेते सरांनी ती यावलहून एस.टी.च्या टपावर टाकून धुळ्याला आणली होती. स्टाफरूमची फरशी कुणा गुत्तेदारानं अशी घातली होती की चार पायांची खुर्ची कुठंही ठेवा, एक पाय अधांतरीच. आम्ही बाकीच्यांनी खुर्चीच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालून वर्षं काढली. सर तिवईवर बसत आणि आमच्याकडे दयेनं बघत. "तीन बिंदू असले की प्रतल ठरतं," म्हणत. "चौथा आला की भांडण आलं."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या कॉलेजात लागले. मी धुळ्याचीच, देवपुरात वाढलेली, आणि जिभेला हाड नाही अशी ख्याती असलेली. गणित विभाग म्हणजे नेहेते सर आणि मी, एवढाच. सर तेव्हा पन्नाशीत होते. काळेसावळे, उंचेपुरे, पांढरा बुशशर्ट पँटच्या बाहेर सोडलेला. खिशात कायम खडूचे तुकडे, त्यामुळे छातीवर एक पांढरट डाग, जो त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हात टेकून सोडून दिला होता. घरचे केळीवाले, त्यामुळे बोलण्यातलं "मले" आणि "तुले" कधी गेलं नाही. वाक्य सुरू करत ते पुस्तकातल्या मराठीत आणि संपवत यावलात.

त्यांचा जीव कशावर असेल तर रेषा आणि प्रतलं यांच्या समीकरणांवर. अभ्यासक्रमात हा एक भाग, पण सरांना विचाराल तर बाकीचं सगळं गणित त्याची प्रस्तावना. पहिल्या दिवशी ते फळ्याकडे जातच नसत. थेट वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसत आणि दोन भिंती आणि फरशी जिथं मिळतात तिथं बोट टेकवत.

"हे आपलं घर. इथून निघायचं. या भिंतीच्या कडेनं चाललात तर x, त्या भिंतीच्या कडेनं y, आणि सरळ वर चढलात तर z. आता मले सांगा, ती माशी कुठं आहे?"

धुळ्याच्या वर्गात माशांना तोटा नव्हता. पोरं माशीचा पत्ता सांगायला शिकत. मग सर भिंतीवर येत. "एक समीकरण म्हणजे एक भिंत. x, y, z च्या मागे जे तीन आकडे असतात ना, ते भिंतीचा लंब सांगतात. लंब म्हणजे काय? भिंतीत सरळ ठोकलेला खिळा. खिळा कुठं तोंड करून आहे ते कळलं की भिंत कळली. बरोबरच्या चिन्हापलीकडचा आकडा फक्त एवढंच सांगतो की भिंत घरापासनं किती लांब आहे." हे सांगताना ते खरंच एक खिळा भिंतीत ठोकत. शिपाई दर वर्षी तो उपटायचा आणि प्राचार्यांकडे तक्रार करायचा.

एकदा फळ्यावर x अधिक y बरोबर चार असं लिहून त्यांनी विचारलं, हे काय? बोरसे नावाचा एक पोरगा ताडकन उठला. "रेषा, सर!"

"फळ्यावर रेषा. या खोलीत काय? z चं काय?"

"z नाहीच ना सर. म्हणजे शून्य."

"अरे बापा! हजेरीत तुझं नाव घ्यायचं राहिलं तर तू मेलास का? z ला कुणी विचारलं नाही, म्हणजे तो मोकळा आहे. वर जाऊ दे, खाली जाऊ दे, कोण अडवतं?"

बोरसेला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सर काकूंचं जुनं नऊवारी लुगडं काखोटीला मारून आले. फरशीवर खडूनं तिरकी रेघ मारली, तिच्या बरोबर वर छताच्या कड्यांना सुतळी ताणली आणि लुगडं तिच्यावरून खालच्या रेघेपर्यंत सोडलं. वर्गाच्या मधोमध हिरवी भिंत उभी राहिली. "ही बघा तुमची रेषा!" सर म्हणाले. बोरसे जागच्या जागी उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. ते लुगडं पुढं दर वर्षी येत राहिलं. काकू मला म्हणायच्या, "पाटीलबाई, मी चौथीतून निघाले, पण माझं लुगडं बी.एस्सी. झालं हो!"

आणि हा धडा संपता संपता यायचं त्यांचं ते वाक्य. दोन भिंती दिल्या आणि त्या कुठं मिळतात ती रेघ, म्हणजे छेदरेषा, काढायला सांगितली, की पोरं लगेच आकडेमोडीला लागत. सर फळ्यावर डस्टर आपटत. "थांबा! आधी लंब बघा. दोन्ही खिळे एकाच दिशेला असले तर काय?" आणि मग दोन्ही हात पुढं करून तळवे समोरासमोर धरत, मध्ये वितीचं अंतर. "आता वाढवा या भिंती. पार नंदुरबारपर्यंत न्या, सुरतेपर्यंत न्या. भेटतात? मग रेघ कुठून आणशील? भेटच नाही तर भेटीची जागा कशी सांगशील?" तळवे तसेच ठेवून ते बाकांमधून फिरत, एकेका पोरासमोर थांबत, आणि त्या पोरानं "समांतर, सर" म्हटल्याशिवाय पुढं जात नसत.

हे खूळ वर्गापुरतं राहिलं असतं तर ठीक. हिवाळ्यात आमच्या स्टाफची भरीत पार्टी व्हायची. कुणाच्या तरी मळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरच्या-लसूण कुटायचा, कळण्याच्या भाकरी. सर चुलीपाशी. कुणी चौथा दगड लावला की काढून टाकायचे. एका वर्षी तिथंच वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या प्रमुखांची जुंपली. प्रयोगशाळेच्या खोलीवरून जुनंच भांडण. आम्ही मध्ये पडायला निघालो तर सरांनी मला हात धरून बसवलं. "बाई, वांगं उलटा. दोघं एकाच दिशेला तोंड करून आहेत. दोघांनाही खोली पाहिजे, दोघांनाही मान पाहिजे. लंब एकच. हे कधी भेटायचे नाहीत." आणि खरंच, दोघं निवृत्त झाले तरी बोलले नाहीत हो!

वर्गात असा वाघ असलेला माणूस वर्गाबाहेर मात्र अगदी शेळी. प्राचार्यांनी बोलावलं की सरांना घाम फुटायचा. तोंडातून शब्द निघायचा नाही, नुसतं "हो सर, बरं सर". परत येऊन तिवईवर बसायचे आणि जे बोलायचं होतं ते मला बोलून दाखवायचे. मी चिडायची. "अहो, हे तिथं बोलायचं ना!" त्यावर म्हणायचे, "तिथं फळा नाही ना, बाई." फळा असला की त्यांना कुणाची भीती वाटत नसे. नसला की सगळ्यांची.

मग प्रमिलाचं वर्ष आलं.

प्रमिला सोनगीरची, तांबट घरातली. वडील भांडी घडवायचे. घरात दिवसभर ठोकाठोक, म्हणून पोरगी पहाटेच्या पहिल्या एस.टी.नं धुळ्याला यायची आणि ग्रंथालय उघडेपर्यंत पायरीवर अभ्यास करत बसायची. बोलायला कमी. पण सर तळवे धरून तिच्यासमोर थांबले, की बाकीची पोरं पाठ केल्यासारखी "समांतर" म्हणायची आणि ही आधी दोन्ही हातांकडे नीट बघायची, मगच बोलायची. एकदा सरांनी मुद्दाम एक तळवा किंचित तिरका धरला होता. सगळा वर्ग "समांतर" म्हणून मोकळा झाला. ही म्हणाली, "नाही सर. भेटतील. लांब, पण भेटतील." त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये येऊन चहा प्यायचा विसरले.

वडिलांनी तिला शिकू दिलं होतं ते एका अटीवर. एकदासुद्धा नापास व्हायचं नाही. झाली तर कॉलेज बंद, लग्न. हे तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, गाडीची वेळ सांगावी तसं.

गणिताचा पेपर असला की सरांचा एक रिवाज होता. पेपर सुटायच्या वेळेला तिवई घेऊन फाटकाजवळच्या निंबाखाली बसायचं. पोरं बाहेर पडली की तिथं कोंडाळं करायची आणि सर प्रश्नपत्रिका घेऊन एकेक प्रश्न तोंडी सोडवून दाखवायचे. त्या दिवशी उन्हानं डांबर पातळ झालं होतं. सर वाचत वाचत एका प्रश्नाशी आले आणि थांबले. दोन प्रतलं दिली होती. पहिल्याचे आकडे सहा, उणे चार, दहा. दुसऱ्याचे नऊ, उणे सहा, पंधरा. पलीकडचे आकडे एकाचा सात, दुसऱ्याचा चार. यांची छेदरेषा काढा.

मी शेजारीच उभी होते. मला वेळ लागला, सरांना लागला नाही. "पाह्य बरं," ते हळूच म्हणाले. "तीन, उणे दोन, पाच. एकाला दोननं गुणलं, दुसऱ्याला तीननं. खिळा एकच." मग मान वर करून पोरांना विचारलं, "हा कुणी सोडवला?"

सगळ्यांनी.

"उत्तर आलं?"

"आलं सर!"

"काय आलं?"

बोरसेचा धाकटा भाऊ त्या वर्षी वर्गात होता. त्यानं ठणकावून सांगितलं. रेषेवरचा एक बिंदू काढला होता, y शून्य, z शून्य, x सात षष्ठांश. दुसऱ्या समीकरणात तो बसतो का हे पाहायची तसदी घेतलेली नव्हती. रेषेची दिशा काढली तर आली शून्य, शून्य, शून्य. ती तीन शून्यं त्यानं जशीच्या तशी भागाकारात खाली मांडली होती.

"शून्यानं भागलंस?"

"सूत्रात तसंच येतं ना सर."

कोंडाळ्यातल्या बहुतेकांनी तेच केलं होतं. सर एकेकाकडे बघत राहिले. प्रमिला मागं उभी होती, गाडी गाठायच्या घाईत. सरांनी तिला नुसती भुवई उडवून विचारलं.

"मी नाही काढली सर," ती म्हणाली. "लंब एकाच दिशेला आहेत. समांतर आहेत, छेदरेषा नाही, असं लिहिलं. आणि का ते दोन ओळींत."

सर उठले. सबंध नोकरीत मी पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. तिवई उचलून तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "बस." ती संकोचली. "बस म्हणतो ना!" ती बसली. सर उन्हात उभे राहिले, आणि सगळ्या पोरांना त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तिची गाडी चुकली. पण त्या दिवशी ती पोरगी पहिल्यांदा मोकळी हसली हे मी पाहिलं.

जूनमध्ये निकाल लागला. धाकटा बोरसे पास. शून्यानं भागणारे यच्चयावत पास. प्रमिला गणितात नापास, अगदी थोडक्यानं. प्रत्येक पायरी नीट तपासून लिहायची, म्हणून तिचा पेपर कधी पुरा होत नसे. तेवढ्या एका प्रश्नाचे गुण मिळाले असते तर सुटली असती.

ती कॉलेजात आली, रडली नाही. सरांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "सर, काही चुकलं होतं का माझं?"

"नाही," सर म्हणाले. "मी बघतो."

आता हे "मी बघतो" म्हणणारे सर कोण, तर प्राचार्यांपुढं ज्यांना घाम फुटतो ते. मी म्हटलं, मीही येते. आमचं विद्यापीठ तेव्हा लांबच्या शहरात, आणि तिथं माझी मावशी होती, त्यामुळे घरी प्रश्न नव्हता. दिवसभर एस.टी.त सरांनी काय बोलायचं ते मला म्हणून दाखवलं, आणि काय सांगू, अप्रतिम बोलले. मला वाटलं, आता हा माणूस विद्यापीठ हलवतो.

परीक्षा विभागात टेबलामागं एक गृहस्थ बसले होते. सरांच्या तोंडून "ते... प्रतलाचं..." एवढंच निघालं. मी सगळं सांगितलं. गृहस्थ म्हणाले, गुणपडताळणी म्हणजे आम्ही बेरीज तपासतो. बेरीज बरोबर आहे. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. फळा नव्हता. मग त्यांनी टेबलावरच्या दोन फाइली उचलल्या, समोरासमोर उभ्या धरल्या आणि एकदम वर्गातल्या आवाजात विचारलं, "यांची छेदरेषा दाखवा बरं मले!"

गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "सर, फाइली खाली ठेवा."

सरांनी ठेवल्या. मी तिथं भांडले. त्याचा उपयोग एवढाच झाला की आम्हाला पेपर समितीच्या अध्यक्षांकडे पाठवलं. ते आमच्याच विषयाचे, वयस्कर, सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला, प्रश्न पाहिला आणि कपाळाला हात लावला. कसं झालं तेही त्यांनी सांगितलं. आलेल्या पेपरातले आकडे समितीत बसून थोडे बदलायचे, म्हणजे कुणाला आधीच फुटले असतील तर उपयोग नाही, असा रिवाज होता. एकाचा आकडा दुसऱ्यानं बदलला, दुसऱ्याचा तिसऱ्यानं. बदलल्यावर गणित पुन्हा सोडवायचं असतं, ते राहून गेलं.

"मग तपासताना?" मी विचारलं.

"तपासताना कळलं. तोवर गठ्ठे अर्धे झाले होते. मग असं ठरवलं की ज्यांनी पद्धत लिहिली, बिंदू काढला, दिशा काढली, त्यांना पूर्ण गुण द्यायचे. विद्यार्थ्यांचं नुकसान नको म्हणून."

"आणि जिनं काढलं नाही?"

"तिनं काहीच काढलं नाही ना, बाई. परीक्षकानं गुण द्यायचे कशाला?"

"साहेब," सर म्हणाले. "काढण्यासारखं काही नव्हतंच."

"मान्य आहे. तुमच्या विद्यार्थिनीचं बरोबर आहे, तिच्या एकटीचंच बरोबर आहे. पण आता मी तिला गुण दिले तर बाकीच्यांचे काढावे लागतील. काढू सांगा? सगळ्या जिल्ह्यांतले? निकाल लागलाय, नेहेते. पोरांनी पेढे वाटलेत." त्यांनी चहाचा कप सरांपुढं सरकवला. "ऑक्टोबरला बसवा तिला. हुशार आहे, सुटेल."

कुणी गुरगुरलं असतं तर मी तरी दोन शब्द सुनावले असते. त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटत होतं. परतीच्या एस.टी.त सर खिडकीकडे तोंड करून बसले. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा म्हणाले, "बाई, आता मी तिले सांगू काय?"

सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील आले. सगळे त्यांना नाना म्हणत. हातांना तांब्याचा काळपट रंग, डोक्याला टोपी, चपला दाराबाहेर काढून आले. भांडायला आलेले नव्हते, हेच फार कठीण गेलं.

"सर, बठ्ठ्या पोरी पास व्हयन्यात. मनी एकलीच कशी काय ऱ्हायनी?"

सर तिवईवरून उठले. "नाना, सगळ्या पास झाल्या खरं, पण उत्तर तुमच्या पोरीचंच बरोबर आहे. मी विद्यापीठात जाऊन आलो. तेही म्हणाले, बरोबर आहे."

"बरोबर शे, ते मंग पास का नही?"

मी ऑक्टोबरच्या परीक्षेचं सांगायला लागले, तर नाना माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. वरणगावचं स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात होता, चांगला होता. पास झाली असती तर नाना त्यांना थांबा म्हणणार होते, तसं पोरीला कबूल केलं होतं. आता काय म्हणून थांबवायचं? मग ते सरांकडे वळले, आणि आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मी अडाणी मानूस. पन तुम्हीच शिकाडं ना तिले असं लिखाले?"

"हो," सर म्हणाले. "मीच."

"मंग आते तुम्हीच सांगा, मी काय करू?"

नाना खरोखर उत्तराची वाट बघत उभे होते. सरांनी हात जोडण्यासाठी उचलले, पण ते छातीशी येऊन तसेच थांबले, तळवे समोरासमोर, मध्ये वितीचं अंतर. जोडलेच जाईनात. नानांनी थोडा वेळ पाहिलं, स्वतःच नमस्कार केला, आणि चपला घालून गेले. आषाढाच्या आधीच प्रमिलाचं लग्न झालं.

पुढच्या वर्षी तो धडा आला. मी शेजारच्या वर्गात होते, दारं उघडी, सगळं ऐकू यायचं. कोपरा झाला, माशी झाली, खिळा झाला, लुगडंसुद्धा आलं. मग डस्टर आपटलं. "थांबा! आधी लंब बघा..." आणि एका पोरानं विचारलं, "सर, मागच्या वर्षी असं लिहिणाऱ्या मुलीला म्हणे शून्य दिलं. मग आम्ही काय लिहायचं?"

पुढचं काही ऐकू येईना. मी दारात येऊन पाहिलं. सर बाकांच्या मधोमध उभे, तळवे तसेच धरलेले, तोंड उघडं. पोरं वाट बघत होती. शेवटी त्यांनी हात खाली सोडले, हजेरीपट उचलला, आणि तास संपायच्या आधी बाहेर पडले. मला म्हणाले, "बाई, हा धडा यापुढं तुम्ही घ्या."

मी घेतला. मी व्यवहारी बाई. पोरांना सांगितलं, असं काही आलंच तर आधी सूत्रानं जे निघतं ते सगळं मांडायचं, गुण पदरात पाडून घ्यायचे, आणि मग खाली खरं काय ते लिहायचं. हे सरांच्या कानावर गेलं. मला वाटलं, रागावतील. "चांगलं केलंत," एवढंच म्हणाले. रागावले असते तर किती बरं झालं असतं!

ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात दोन वाक्यं बोलून बसले, शाल घेतली आणि तिवई बगलेत मारून यावलला गेले. नव्वदच्या दशकात पुढं कधीतरी बातमी आली की सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मी सुट्टी पाहून भेटायला निघाले. भुसावळच्या स्टँडवर यावलच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात मागून हाक आली, "मॅडम!"

प्रमिला. जाड झालेली, केसांत एखादी पांढरी बट, हातात भाजीची पिशवी. वरणगावलाच असते म्हणाली. दोन मुलं. नवरा भला आहे. "घरी दहावीच्या पोरांचं गणित घेते. पाटी मात्र लावली नाही. लोक विचारतात ना, बाई, तुम्ही किती शिकलात?" असं म्हणून हसली. मी सरांचं सांगितलं. तिनं क्षणभरच विचार केला, ओळखीच्या फुलवालीकडे भाजीची पिशवी ठेवली आणि माझ्याबरोबर गाडीत चढली.

गाडीत तिनं विचारलं, "मॅडम, सर माझ्यासाठी विद्यापीठात गेले होते ना? मला लग्नानंतर कळलं. काय म्हणाले होते ते लोक?"

"तुझं बरोबर आहे म्हणाले."

ती खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिली. "म्हणजे त्यांनाही माहीत होतं," म्हणाली.

सर ओसरीवर खाटेवर होते, भिंतीला उशी लावून बसवलेले. इतका मोठा माणूस एवढासा झालेला. काकूंनी मला मिठीच मारली. बसायला म्हणून तिवई पुढं ओढली, आणि मी काही म्हणायच्या आत प्रमिला खाटेला लागून तीवर बसली. सरांनी तिला पाहिलं. मग त्यांचा डावा हात, जो चालत होता तेवढा एकच, चादरीवरून सावकाश वर आला. तळवा उभा, बोटं जुळवलेली.

"पाणी मागताहेत का?" काकू तांब्या घ्यायला उठल्या. सरांनी नाही अशी मान हलवली.

"आशीर्वाद देताहेत," मी म्हटलं. पुन्हा मान हलवली, या वेळी जोरात. घशातून नुसता घरघराट. ते उजव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडून होता, काही केल्या उठत नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना काय हवंय ते मला कळेना, काकूंना कळेना.

प्रमिला तिवईवर जराशी पुढं सरकली. तिनं आपला हात उचलला आणि सरांच्या तळव्यासमोर आपला तळवा धरला, मध्ये वितीचं अंतर ठेवून. एकदा दोन्ही हातांकडे नीट पाहिलं.

"समांतर, सर," ती म्हणाली. "छेदरेषा नाही."

सरांचा हात दमून चादरीवर पडला तरी तिनं आपला तसाच धरून ठेवला होता, आणि आमची परतीची गाडी स्टँडवरून सुटल्याचा हॉर्न आम्हा सगळ्यांना ओसरीवर ऐकू आला.